परळची रुग्णालये, रुग्णांचे नातेवाईक आणि विद्यार्थिनी परिचारिका: मनःस्वास्थ्याच्या आधाराचा एक ऐतिहासिक मागोवा (१८९६ ते २०२४)

बीजसंज्ञा: परळ, गिरणगाव, परिचर्या शिक्षण, रुग्णांचे नातेवाईक, वैद्यकीय समाजकार्य, मानसिक आरोग्य

१. प्रस्तावना

रुग्णालयाचा इतिहास सामान्यतः इमारत, देणगीदार आणि डॉक्टर या तीन अंगांनी लिहिला जातो. कोनशिला कोणी बसवली, देणगी कोणी दिली, पहिली शस्त्रक्रिया कोणी केली याच्या नोंदी सहज सापडतात. परंतु रुग्णाच्या खाटेजवळ सर्वाधिक वेळ जी दोन माणसे असतात, त्यांचा उल्लेख या इतिहासात क्वचितच आढळतो. एक म्हणजे रुग्णाचा नातेवाईक आणि दुसरी म्हणजे प्रशिक्षण घेणारी विद्यार्थिनी परिचारिका. पहिल्याचे नाव केस पेपरवर केवळ संमतीच्या सहीपुरते येते. दुसरीचे नाव हजेरीपटावर असते, पण ती विद्यार्थिनी की कर्मचारी याचे उत्तर सोयीनुसार बदलत राहते.

या दोघांच्या मनावर पडणाऱ्या ताणाची दखल मध्य व दक्षिण मुंबईतील रुग्णालयांनी केव्हा आणि कशी घेतली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी परळ हा भाग विशेष उपयुक्त ठरतो. राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय (केईएम), टाटा स्मारक रुग्णालय आणि वाडिया यांची प्रसूतिगृह व बालरुग्णालय अशा मोठ्या संस्था येथे हाकेच्या अंतरावर उभ्या आहेत. शिवाय सभोवती गिरणगावाची वस्ती होती. रुग्णालय आणि चाळ यांचे असे शेजारपण अन्यत्र विरळाच आढळते. मानसिक आधार हा शब्द रूढ होण्यापूर्वी तो आधार कोण देत होते, हा प्रश्न या शेजारपणामुळे अधिक स्पष्टपणे मांडता येतो.

२. प्लेगचा काळ: नातेवाइकांची धास्ती

मुंबईत आधुनिक रुग्णालयाची परंपरा जमशेदजी जीजीभॉय रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज यांच्यापासून, म्हणजे १८४५ पासून सुरू झाली. तथापि नातेवाईक हा प्रशासनापुढचा प्रश्न म्हणून पहिल्यांदा उभा राहिला तो प्लेगच्या साथीत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर रुग्णांचे सक्तीने विलगीकरण सुरू झाले. आजारी माणसाला घरातून उचलून ऑर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात नेले जाई आणि घरच्यांना त्याच्याजवळ राहता येत नसे. आत गेलेला माणूस परत येत नाही, एवढेच बाहेर थांबलेल्यांना दिसत होते. रुग्णालयात माणसे मारली जातात अशा अफवा पसरल्या. ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजारभर गिरणी कामगार या रुग्णालयावर चालून गेले.

या घटनेकडे अज्ञानी जमावाचा उद्रेक म्हणून पाहण्याची पद्धत त्या काळच्या सरकारी लेखनात रूढ होती. मात्र त्या उद्रेकामागे निश्चित स्वरूपाची भीती होती. ज्या समाजात आजारपण हे घराच्या मध्यभागी, आप्तांच्या हातांनी निभावायचे असते, तेथे रुग्णाला आप्तांपासून तोडणे म्हणजे त्याला मृत्यूच्या स्वाधीन करण्यासारखेच वाटत होते. लोकांनी रुग्ण लपवले आणि शहर सोडले. १८९१ च्या जनगणनेत सव्वाआठ लाखांच्या घरात असलेल्या मुंबईतून १८९७ च्या आरंभापर्यंत जवळजवळ निम्मे लोक निघून गेले, असे अंदाज त्या काळी वर्तविले गेले. फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने प्रशासनाला व्यापक अधिकार दिले, परंतु विश्वास हा कायद्याने निर्माण होणारा नव्हता.

पुढे प्रशासनाने आपले धोरण काही प्रमाणात बदलले. निरनिराळ्या ज्ञाती व धर्मसमूहांना स्वतःची प्लेग रुग्णालये चालवू देण्यात आली आणि तेथे नातेवाइकांच्या वावराला वाव मिळाला. या रुग्णालयांकडे जातिभेदाचे पोषण करणारी व्यवस्था म्हणून टीकात्मक दृष्टीने पाहणे आवश्यकच आहे. तरीही इतिहासाच्या दृष्टीने त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. नातेवाइकाचे मन शांत असल्याशिवाय रुग्णालय चालत नाही, हे मुंबईच्या प्रशासनाला मान्य करावे लागले. येथे नातेवाइकाचा विचार करुणेपोटी झाला असे नाही. तो व्यवस्था टिकविण्याच्या गरजेपोटी झाला, आणि पुढील शतकातही बहुधा तसाच होत राहिला.

याच साथीत पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करीत असताना प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. सेवा करणारीचे शरीर आणि मन दोन्ही पणाला लागते, याचे महाराष्ट्रातील हे सर्वांत ठळक उदाहरण होय. त्यांचे स्मरण त्यागाची मूर्ती म्हणून केले जाते. मात्र सेवा करणाऱ्याचे रक्षण कोणी करायचे, हा त्यातून निघणारा प्रश्न स्मरणाच्या ओघात मागे पडतो.

३. गिरणगावचा शेजार

केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये कार्यान्वित झाले. महाविद्यालयातील अध्यापक भारतीय असावेत आणि ते सरकारी सेवेतील नसावेत, ही देणगीदारांची अट राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते. डॉ. जीवराज मेहता हे पहिले अधिष्ठाता. त्याच वर्षी नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह, १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. अवघ्या पंधरा वर्षांत परळ हे पश्चिम भारतातील रुग्णांचे एक प्रमुख आश्रयस्थान बनले.

या रुग्णालयांत खाटा रुग्णांसाठी होत्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर किंवा खानदेशातून रुग्णासोबत आलेल्या माणसाने कोठे झोपावे, काय खावे आणि कोणाशी बोलावे याची तरतूद इमारतीच्या आराखड्यात नव्हती. ती तरतूद गिरणगावाने केली. लालबाग, परळ, काळाचौकी, नायगाव येथील चाळींत प्रत्येक गावाची माणसे होती. एका खोलीत पाळ्यांनी झोपणारे गिरणी कामगार, गावकीच्या खोल्या आणि बाईच्या हातचे जेवण देणाऱ्या खानावळी हे रुग्णाच्या नातेवाइकाचे पहिले आश्रयस्थान होते. गावाकडचा माणूस ‘वॉर्डात’ आहे असे कळले की दुसरी पाळी संपवून एखादा गाववाला डबा घेऊन रुग्णालयात जाई, आणि रात्री नातेवाइकाला आपल्या गाळ्यावर घेऊन येई. त्या रात्रीच्या बोलण्यात गावाकडच्या गोष्टी असत, डॉक्टर काय म्हणाले याचा अर्थ लावणे असे आणि उसनवारीचा हिशेबही असे. आज ज्याला समुपदेशन आणि समवयस्क आधार म्हटले जाते, त्याचे काम येथे अनौपचारिकपणे होत होते.

या आधाराला मर्यादाही होत्या. तो नात्यागोत्यावर, गावावर आणि जातीवर अवलंबून होता. ज्याचा मुंबईत कोणी नव्हता, त्याला पदपथाशिवाय पर्याय नव्हता. स्त्रियांना पुरुषांनी भरलेल्या गाळ्यात राहणे अवघड जाई. म्हणून या व्यवस्थेचे उदात्तीकरण करता येत नाही. तथापि ती नाहीशी झाल्यावर काय झाले, हे पाहिले की तिचे महत्त्व लक्षात येते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतरच्या दोन दशकांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कामगार कुटुंबे उपनगरांकडे किंवा गावाकडे परतली. रुग्णालये मात्र तेथेच राहिली आणि रुग्णांचा ओघ वाढतच गेला. गिरणगावाच्या ऱ्हासाची चर्चा रोजगार व जमिनीच्या संदर्भात विपुल झाली आहे. रुग्णाच्या नातेवाइकाचा आसरा हरपला, हीदेखील त्या ऱ्हासाची एक बाजू मानावी लागेल.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. ब्रिटनमधील बालरुग्णालयांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आईवडिलांच्या भेटीवर कडक निर्बंध असत. आईपासून दुरावलेल्या मुलाच्या मनावर होणाऱ्या परिणामांकडे जेम्स रॉबर्टसन यांनी लक्ष वेधले आणि १९५९ च्या प्लॅट समितीने भेटीचे निर्बंध उठविण्याची शिफारस केली. भारतातील सार्वजनिक रुग्णालयांत आई खाटेजवळ पूर्वीपासूनच होती. परंतु ती मानसशास्त्रीय विचारातून आलेली नव्हती. मुलाला भरवणे, स्वच्छ करणे आणि औषध आणणे ही कामे तिच्यावाचून होण्यासारखी नव्हती. तेथे नातेवाइकाला बाहेर ठेवण्याची चूक सुधारावी लागली. येथे नातेवाइकाला आत घेतले गेले, पण त्याच्या श्रमाची आणि मनाची दखल घ्यायची राहून गेली.

४. विद्यार्थिनी परिचारिका: शिक्षण की श्रम?

मुंबईतील परिचर्या प्रशिक्षणाची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडतात. १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचा उल्लेख पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून केला जातो. आरंभीच्या काळात या व्यवसायात अँग्लो-इंडियन, ख्रिस्ती आणि पारशी स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते. परक्या पुरुषाच्या शरीराला स्पर्श, रात्रपाळी आणि मलमूत्राची स्वच्छता या तीन कारणांमुळे उच्चवर्णीय हिंदू समाज या कामाकडे हीन दृष्टीने पाहत असे. त्यामुळे प्रशिक्षणासाठी आलेल्या मुलीला कामाच्या ताणाबरोबर समाजाच्या अवहेलनेचा भारही वाहावा लागे.

१९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात देशात सुमारे सात हजार परिचारिका, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, असल्याचे नमूद केले. त्यांच्या राहण्याच्या व कामाच्या परिस्थितीबद्दलही समितीने असमाधान व्यक्त केले. ही टंचाई भरून काढण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे विद्यार्थिनींचे श्रम. विद्यार्थिनीला विद्यावेतन आणि वसतिगृह द्यायचे आणि तिच्याकडून कक्षाची पाळी करून घ्यायची, ही पद्धत जगभर रूढ होती. भारतात ती अधिक काळ टिकली. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याने अभ्यासक्रमाला एकसूत्रता आली. पुढे पदवी शिक्षणही सुरू झाले. तरीही ‘विद्यार्थिनी आहे, ती करील’ हे कक्षातील समीकरण सहजासहजी बदलले नाही. १९८७ मध्ये नेमलेल्या उच्चाधिकार समितीला १९८९ च्या अहवालातही परिचारिकांना परिचर्येबाहेरच्या कामांतून मुक्त करावे, त्यांच्या कामाचे तास कमी करावेत, अशा शिफारशी कराव्या लागल्या.

सतरा-अठरा वर्षांची मुलगी कोकणातील, विदर्भातील किंवा केरळातील गावातून परळच्या वसतिगृहात येते. पहिल्या काही महिन्यांतच तिला मृत्यू जवळून पाहावा लागतो. मृतदेहाची अंतिम परिचर्या हा अभ्यासक्रमाचा भाग असतो. ती कशी करावी हे पाठ्यनिर्देशिका शिकवते. ती करून वसतिगृहात परतल्यावर जेवण का जात नाही, याचे उत्तर मात्र पाठ्यपुस्तकात नसते.

या संदर्भात इझाबेल मेंझिस यांनी लंडनच्या एका अध्यापन रुग्णालयात केलेला आणि १९६० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आजही मूलगामी मानला जातो. मृत्यू व वेदना यांमुळे निर्माण होणारी चिंता दूर ठेवण्यासाठी रुग्णालये कामाचे तुकडे पाडतात, विद्यार्थिनींना एका कक्षातून दुसऱ्या कक्षात सतत हलवतात आणि भावना दाबण्यालाच व्यावसायिकता समजतात, असे त्यांनी दाखविले. या व्यवस्थेमुळे चिंता दूर होत नव्हती, उलट सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थिनी प्रशिक्षण अर्धवट सोडत होत्या. हा निष्कर्ष मुंबईला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. येथील मुलीला प्रशिक्षण सोडून घरी परतण्याची मुभा अनेकदा नसते, कारण तिच्या पगारावर घराची भिस्त असते. त्यामुळे गळतीच्या आकड्यांत न दिसणारा ताण येथे आतल्या आत मुरत राहतो, असे मानण्यास जागा आहे.

वसतिगृह हाच या मुलींचा आधार होता. रात्रपाळीहून आलेल्या मैत्रिणीसाठी चहा झाकून ठेवणे, घरून पत्र आले नाही तर आपले पत्र वाचून दाखवणे आणि वरच्या वर्षाच्या मुलीने पहिल्या पाळीला सोबत करणे अशा साध्या गोष्टींतून हा आधार उभा राहत असे. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थी परिचारिका संघटनेने त्याला संघटित रूप देण्याचा प्रयत्न केला. मात्र वसतिगृहाची शिस्त हीच अनेकदा दडपणाचे कारणही बनत असे. आधार आणि दडपण एकाच छपराखाली नांदत होते.

५. संस्थात्मक आधाराचा उदय

रुग्णाच्या सामाजिक व मानसिक गरजांसाठी स्वतंत्र प्रशिक्षित व्यक्ती असावी, हा विचार मुंबईत भायखळ्याहून आला. १९३६ मध्ये नागपाडा येथे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या संचालकत्वाखाली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. १९३७ मध्ये संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. १९३८ मध्ये डॉ. के. आर. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. १९४६ मध्ये याच रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. पुढे केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहिया यांनी मानसोपचार विभागाला नावारूपाला आणले.

वैद्यकीय समाजसेवकाच्या रूपाने नातेवाइकाला प्रथमच रुग्णालयात एक टेबल मिळाले, जेथे तो आपली अडचण सांगू शकत होता. तथापि रुग्णसंख्येच्या मानाने ही पदे थोडी राहिली आणि त्यांचा बहुतेक वेळ औषधांसाठी मदतनिधी मिळवून देण्यात जाऊ लागला. ते आवश्यकच होते, कारण पैशाची विवंचना हे मनःस्तापाचे पहिले कारण असते. पण निदान ऐकून सुन्न झालेल्या माणसाजवळ दहा मिनिटे बसणे हे काम त्यामुळे मागे पडले.

ही उणीव धर्मशाळांनी आणि स्वयंसेवी संस्थांनी काही अंशी भरून काढली. संत गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) मंदिराऐवजी धर्मशाळा बांधण्यावर भर दिला. त्यांच्या सूत्रांत भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा यांच्या बरोबरीने दुःखी व निराश माणसाला हिंमत देण्याचाही समावेश आहे, ही बाब मनःस्वास्थ्याच्या इतिहासात दखल घेण्याजोगी आहे. त्यांच्या नावाने चालणारी दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयातील रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना आश्रय देत आली आहे. १९६८ मध्ये नाना पालकर स्मृती समितीने परळ येथे रुग्णसेवेचे कार्य सुरू केले. १९५१ ची इंडियन कॅन्सर सोसायटी, १९६९ ची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन, १९८६ मध्ये वांद्रे येथे सुरू झालेले शांती आवेदना सदन हे देशातील पहिले मरणासन्न रुग्णसेवागृह आणि २००६ पासून कर्करोगग्रस्त बालकांना आईवडिलांसह निवास देणारी सेंट ज्यूड ही संस्था, हे या प्रवासातील प्रमुख टप्पे होत.

या सर्व संस्थांत एक समान सूत्र दिसते. धर्मशाळेच्या ओट्यावर एकाच आजाराशी झुंजणारी कुटुंबे शेजारी राहतात. ज्याच्या मुलाचे उपचार अर्ध्यावर आले आहेत, तो कालच आलेल्या बापाला केस गळतील पण पुन्हा येतात, असे सांगतो. गिरणगावच्या चाळीने जे नात्यागोत्यातून दिले, ते धर्मशाळेने समदुःखातून दिले. मात्र रुग्णालयाच्या फाटकाबाहेर उभा राहिलेला हा आधार फाटकाच्या आत पोहोचला का, हा प्रश्न शिल्लक राहतो.

६. परिचारिका जेव्हा नातेवाईक होते

परिचारिका आणि नातेवाईक या दोन भूमिका परळच्या इतिहासात एका ठिकाणी एकरूप झाल्या. केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्या आवारातच एका सफाई कर्मचाऱ्याने निर्घृण हल्ला केला. त्यानंतर त्या १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने निधन पावेपर्यंत, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयात अचेतनप्राय अवस्थेत होत्या. हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी सुरक्षिततेच्या मागणीसाठी संप केला. १९८० च्या दशकात महापालिकेने त्यांना अन्यत्र हलविण्याचा विचार केला तेव्हा परिचारिकांनी विरोध केला आणि तो बेत सोडून द्यावा लागला. माहेरची माणसे हळूहळू दुरावली. परिचारिकांच्या पिढ्या बदलत गेल्या, पण सेवा खंडित झाली नाही.

या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दिलेल्या निकालाची चर्चा प्रामुख्याने दयामरणाच्या अंगाने झाली. लेखिका पिंकी विराणी यांची याचिका फेटाळताना न्यायालयाने काटेकोर अटींसह निष्क्रिय दयामरणाला मान्यता दिली. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निकालातील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. अरुणा यांच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार, म्हणजेच निकटच्या आप्ताचे स्थान, न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिले. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण झाले नाहीत, याची नोंदही निकालात आहे. परिचर्येतून निर्माण झालेले नाते रक्ताच्या नात्याइतके खरे असू शकते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले.

रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांनी न्यायालयापुढे केलेल्या निवेदनात आणखी एक बाब होती. परिचर्या शिक्षणासाठी येणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीची अरुणा यांच्याशी ओळख करून दिली जात असे आणि त्या आपल्यातीलच एक होत्या व आहेत, असे विद्यार्थिनींना सांगितले जात असे. या प्रथेकडे दोन दृष्टींनी पाहता येते. त्यातून सेवेचा वारसा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेला, हे निर्विवाद आहे. कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवला नसता असा निष्ठेचा धडा त्या खाटेजवळ मिळाला. पण ज्या आवारात आपल्याला रात्रपाळी करायची आहे, त्याच आवारात आपल्यासारख्या एका परिचारिकेची अशी अवस्था झाली, हे पाहणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या मनात निष्ठेबरोबर भीतीही उमटली असणार. निष्ठेची नोंद न्यायालयाच्या निकालात झाली. भीतीची नोंद कोठेही झाली नाही.

अरुणा यांच्या निधनानंतर त्यांच्या परिचारिकांनी नातेवाइकांप्रमाणे शोक केला आणि अंत्यसंस्कारातही सहभागी झाल्या. समाजाने त्यांचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. मात्र या कौतुकाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. परिचारिकांचे प्रेम जेवढे थोर, तेवढी व्यवस्थेची जबाबदारी कमी, असा समज त्यातून दृढ होण्याची शक्यता असते. बेचाळीस वर्षांची सेवा ही परिचारिकांच्या मोठेपणाची साक्ष आहे. परंतु ज्या हल्ल्यामुळे ती सेवा करावी लागली, तो रोखता आला असता. म्हणूनच अरुणा यांचा इतिहास केवळ करुणेचा इतिहास म्हणून शिकवणे अपुरे ठरते.

७. नव्या शतकातील कसोट्या

गेल्या दोन दशकांतील घटनांनी हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आणला. २६ नोव्हेंबर २००८ रोजी कामा रुग्णालयावर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी सुमारे वीस गर्भवती स्त्रियांना सुरक्षित जागी हलविले. पुढे त्यांनी न्यायालयात साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपला अनुभव मांडला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या (आताचे प्रभादेवी) पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. केईएममध्ये आणलेल्या मृतदेहांच्या कपाळावर क्रमांक लिहिल्यावरून टीका झाली. प्रत्येक नातेवाइकाला सर्व मृतदेह पाहावे लागू नयेत म्हणून असे केल्याचे रुग्णालयाकडून सांगण्यात आले. टीकाकार आणि रुग्णालय या दोघांनीही नातेवाइकांच्या मनाचाच हवाला दिला, हे येथे लक्षणीय आहे. सामूहिक आपत्तीत नातेवाइकांना सामोरे जाण्याची पद्धत आधीच ठरलेली आणि शिकवलेली असावी लागते, हा त्यातील धडा होय.

नातेवाईक आणि कर्मचारी यांच्यातील संघर्षही या काळात तीव्र झाला. महाराष्ट्राने २०१० मध्ये वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचाराविरुद्ध कायदा केला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. मार्च २०१७ मधील निवासी डॉक्टरांच्या आंदोलनानंतर सुरक्षारक्षक वाढविणे आणि नातेवाइकांच्या प्रवेशावर पासाची मर्यादा घालणे हे उपाय पुढे आले. त्यांची गरज नाकारता येत नाही. परंतु १८९६ चा अनुभव लक्षात घेता, नातेवाइकाकडे केवळ संभाव्य हल्लेखोर म्हणून पाहिल्याने प्रश्न सुटत नाही. माहितीचा अभाव, ताटकळणे आणि असहायता यांतून संताप जन्मतो, आणि त्याचा पहिला आघात बहुधा कक्षात समोर दिसणाऱ्या परिचारिकेवर होतो.

या सर्वांवर कळस चढला तो कोविड साथीत. १७ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिला कोविड मृत्यू कस्तुरबा रुग्णालयात झाला. कस्तुरबा म्हणजे १८९६ मधील ऑर्थर रोडचे तेच साथरोग रुग्णालय. सव्वाशे वर्षांनी त्याच वास्तूच्या बाहेर नातेवाईक पुन्हा एकदा आत न जाता थांबले. या वेळी आतून दूरध्वनीवर दृश्यभेट घडवून आणणारी परिचारिका हाच त्यांचा एकमेव दुवा होता. मरणाऱ्या माणसाच्या कानाशी भ्रमणध्वनी धरणे हे काम तिच्या कर्तव्यसूचीत नव्हते. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने अंतिम परीक्षेच्या प्रतीक्षेत असलेल्या परिचर्या विद्यार्थ्यांनाही कोविड परिचर्येत सामावून घेण्याचा मार्ग खुला केला. विद्यार्थिनी की कर्मचारी, या जुन्या प्रश्नाचे उत्तर संकटकाळी पुन्हा सोयीनुसारच दिले गेले.

धोरणात्मक पातळीवर २०१४ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य धोरण, २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलिमानस (१४४१६) ही दूरध्वनी सेवा ही महत्त्वाची पावले होत. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातील एका प्रशिक्षणार्थी महिला डॉक्टरच्या हत्येनंतर सर्वोच्च न्यायालयाने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले, तेव्हा अरुणा शानबाग यांच्या प्रकरणाचाही उल्लेख झाला. पन्नास वर्षांनंतरही ते उदाहरण कालबाह्य झालेले नव्हते.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) मध्य मुंबईच्या रुग्णालयांत नातेवाइकांना आणि विद्यार्थिनी परिचारिकांना मिळालेला मानसिक आधार प्रामुख्याने अलिखित होता. चाळ, खानावळ, धर्मशाळा, वसतिगृह आणि कक्षातील मैत्री ही त्याची रूपे होत.

(२) हा आधार सामाजिक परिस्थितीवर अवलंबून असल्याने ती बदलताच तो ढासळतो. गिरणगावाच्या ऱ्हासाने हे दाखवून दिले आहे.

(३) प्रशासनाने या दोन घटकांच्या मनाचा विचार बहुधा संकटानंतर आणि व्यवस्था टिकविण्यासाठी केला. म्हणून संकट ओसरताच तो विचारही ओसरला.

(४) नातेवाईक व परिचारिका यांना परस्परांचे प्रतिपक्ष मानणे ऐतिहासिकदृष्ट्या चुकीचे आहे. दोघेही एकाच खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून एकाच प्रकारचा ताण सोसत आले आहेत.

(५) परिचर्या महाविद्यालयांनी मृत्यूच्या पहिल्या अनुभवानंतर विद्यार्थिनीशी पाठ्यनिर्देशिकेने संवाद साधणे हा प्रशिक्षणाचा नियमित भाग करावा. रुग्णालयांनी नातेवाइकांना ठरावीक वेळी माहिती देणारी जबाबदार व्यक्ती नेमावी आणि वैद्यकीय समाजसेवकांची पदे रुग्णसंख्येच्या प्रमाणात भरावीत. यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही.

प्रेम आणि सेवाभाव यांची परळच्या इतिहासात कधीच वाण नव्हती. वाण होती ती त्यांना जबाबदारीची जोड देणाऱ्या व्यवस्थेची. रुग्णाच्या खाटेजवळ जागणाऱ्या आईने रात्री पाठ कोठे टेकावी आणि पहिला मृत्यू पाहून आलेल्या मुलीने कोणाजवळ बोलावे, या दोन प्रश्नांची उत्तरे रुग्णालयाच्या लेखी नियमांत सापडतील, तेव्हाच या इतिहासाचा पुढचा टप्पा सुरू झाला असे म्हणता येईल.